बाळंतपणाला वेळासला

कोकणातलं कुठलंही गाव पाहुण्याला आधी आपला थोर माणूस दाखवतं, आणि तो थोर माणूस नेमका गावात टिकलेला नसतो. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. केशवसुत मास्तरकीपायी गावोगाव फिरले आणि वारले हुबळीला. दापोलीजवळचं मुरुड महर्षी कर्व्यांचं. कर्वे एकशे चार वर्षं जगले, पण त्यांचा पत्ता विचारलात तर पुण्याचाच सांगावा लागेल. पालगड साने गुरुजींचं, आणि गुरुजी म्हटलं की लोकांना आठवतं अमळनेर. चिखलगाव टिळकांचं, टिळक जन्मले रत्नागिरीला, गाजले पुण्याला आणि सहा वर्षं सरकारी खर्चाने राहिले मंडालेला. माणूस जरा हुशार निघाला की त्याला घाटावर पाठवून द्यायचं, ही इथली जुनी रीत. मग शंभर-दीडशे वर्षांनी घाटावरची माणसं गाड्या भरभरून खाली उतरतात, त्या घराच्या जोत्यापाशी उभी राहतात आणि म्हणतात, "वा! काय शांतता आहे हो इथे!" शांतता असणारच. बोलणारे सगळे तुमच्याकडे आहेत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मंडणगड तालुक्याने या बाबतीत कमाल केली आहे. आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव याच तालुक्यातलं, आणि बाबासाहेबांचा जन्म मध्य प्रदेशात महूला. वेळास नाना फडणविसांचं. नाना जन्मले साताऱ्याला, १७४२ साली. कारभार केला पुण्यात, वाडा बांधला वाईजवळ मेणवलीला, देऊळ उभारलं पुण्यात बेलबागेत, आणि १८०० साली देह ठेवला तोही पुण्यातच. वेळासच्या वाट्याला राहिला फक्त मूळ गाव असण्याचा मान. तेवढ्यावर वेळासने दोन शतकं रेटली. यातच त्या गावाची चिकाटी दिसते.

नानांच्या आजोबांची पिढी इथून उठली ती जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने. समोर खाडीपलीकडे श्रीवर्धन, तिथले भट. अलीकडे वेळास, इथले भानू. दोन्ही घराणी बरोबरीने घाट चढली. पुढे भटांना पेशवाई मिळाली आणि भानूंना फडणिशी. म्हणजे सह्या एका तीरावरच्यांनी करायच्या आणि हिशेब दुसऱ्या तीरावरच्यांनी ठेवायचे. आजही या पट्ट्यात कुणाच्या घरी उतरलात तर निघताना जो हिशेब हातात येतो, त्यात सकाळी जास्तीचा घेतलेला अर्धा कप चहासुद्धा असतो. फडणिशी रक्तातून जात नाही.

नानांचं स्मारक बघायला येणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एकाला पानिपत, बारभाई, खर्डा सगळं मुखोद्गत असतं आणि तो स्मारकापुढे उभा राहून बायकोला व्याख्यान देतो. बायको नारळाच्या झाडांचे फोटो काढत असते. दुसऱ्याने १९७२ सालचं तेंडुलकरांचं नाटक बघितलेलं असतं, निदान त्याचं नाव तरी ऐकलेलं असतं. तो डोळे मिचकावून म्हणतो, "हे घाशीराममधले ना?" अशा वेळी शेजारी उभा असलेला गावकरी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तो समुद्राकडे बघून सांगतो, "गाडी तिथे लावू नका. वर नारळ आहेत."

वेळासला यायचे रस्ते दोन. एक मंडणगडावरून, डोंगर उतरत आणि चढत आणि पुन्हा उतरत. हा रस्ता सरळ यायला तयारच नाही. त्याला उशीर झाल्याचं दुःख नाही आणि पोहोचण्याची उत्सुकताही नाही. दुसरा हरिहरेश्वराकडून, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेश्वीला उतरायचं. हा दुसरा रस्ता मला पसंत आहे, कारण त्यात दहा-पंधरा मिनिटं गाडी चालत असूनही चालवावी लागत नाही. बोटीवर सगळे जण गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहतात आणि खाडीत उभ्या असलेल्या पुलाच्या खांबांकडे बघतात. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता नेण्याचं स्वप्न अंतुल्यांच्या काळातलं, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं. या खाडीवरच्या पुलाचे खांब त्या स्वप्नाच्या नावाने वर्षानुवर्षं पाण्यात अर्धवट उभे राहिले. पर्यटकांना वाटतं, हाही एखादा जलदुर्ग. एका काकांनी तर विचारलं होतं, "शिवकालीन का हो?" बोटीवरचा पोरगा म्हणाला, "त्याच्यानंतरचा. पण पुरा होईस्तोवर तेवढा जुना होईल."

वेश्वी ओलांडली की बाणकोटचा किल्ला. हा बिचारा नावांनी दमलेला किल्ला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या वेळी हिंमतगड, मग १७५५-५६च्या धामधुमीत इंग्रजांकडे गेला आणि झाला फोर्ट व्हिक्टोरिया. किल्ल्यात उभे राहून बहुतेक जण बरोबरच्या मुलांना सांगतात की हे नाव राणीवरून दिलं. राणी जन्मली १८१९ साली. पण हे मुलांना सांगायला जाऊ नये. मुलांना किल्ल्यापेक्षा खंदकात बॉल गेला याचं जास्त पडलेलं असतं, आणि वडिलांना चारचौघांत दुरुस्त करणं ही आपल्याकडे सुट्टीत करायची गोष्ट नाही. जांभ्यात खोदलेला तो खंदक, दरवाजा, बुरूज, आणि बुरुजावरून दिसणारं सावित्रीचं मुख, एवढ्यासाठी चढ चढायला हरकत नाही.

याच खाडीत एकोणिसाव्या शतकात आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि लेकरू बुडून गेलं. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तो तिथे कड्यावर जाऊन बसायचा आणि नदीच्या खोऱ्याकडे बघत राहायचा, असं सांगतात. तो कडा म्हणजे आर्थर सीट. आपण सगळे तिथे जाऊन आलेलो आहोत. बाटलीचं झाकण खाली टाकलं की वाऱ्याने वर येतं, एवढं बघून आणि मक्याचं कणीस खाऊन परतलेलो आहोत. बाणकोटच्या बाजूने तीच नदी बघताना माणूस थोडा वेळ गप्प बसतो. मग बरोबरचं कुणी तरी म्हणतं, "स्ट्रॉबेरी खाल्ली होती आपण तिथे." आणि मंडळी गाडीत बसतात.

पण खरं सांगायचं तर नाना काय आणि फोर्ट व्हिक्टोरिया काय, यांच्या जिवावर वेळासला गर्दी होत नाही. गर्दी होते एका बाळंतिणीसाठी.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री-अपरात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर जाऊन मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापून सारखी करते आणि परत समुद्रात जाते. एकूण कार्यक्रम तासाभराचा. अंडं दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखं, पण कवच मऊ. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी येत असतं. ते बघून आपल्याकडच्या बायका हळहळतात, पण ती शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकत असते. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिल्यावर हे होणारच.

यातली मजेची गोष्ट अशी की, जिथे आपण अंड्यातून बाहेर आलो त्याच भागातल्या किनाऱ्यावर ती अंडी घालायला येते, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ही चक्क बाळंतपणाला माहेरी येते! फरक एवढाच की डिंकाचे लाडू नाहीत, शेकशेगडी नाही, सव्वा महिना नाही. लेकरं माहेरच्या ओटीत टाकून पहाटेच्या आत सासरी रवाना. आणि जावई? नर कासव एकदा पिल्लूपणी समुद्रात शिरला की पुन्हा जमिनीवर जवळजवळ येतच नाही. सासुरवाडीला पाऊल ठेवत नाही, मानपान मागत नाही, दिवाळसण नाही. असा जावई सगळ्या कोकणात दुसरा मिळायचा नाही.

तिचं सासर नक्की कुठे, हे मात्र वेळासकरांना शेकडो वर्षं माहीत नव्हतं. ते शोधायला शेवटी अंतराळातून चौकशी करावी लागली. २५ जानेवारी २०२२ रोजी भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानच्या लोकांनी वेळासच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र चिकटवलं. पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिलीच, म्हणून नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री तर केरळ उतरली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पोरगी एवढ्या लांब दिलेली आहे हे कळल्यावर माहेरचे काय बोलणार? त्यावर कडी म्हणजे २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक कासवीण, बिल्ला क्रमांक ०३२३३, ती २०२५च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर! म्हणजे इकडेही बाळंतपण, तिकडेही बाळंतपण. शास्त्रज्ञांनी डोकी खाजवली. गावातल्या बायकांना यात काही नवल वाटलं नाही. दोन्हीकडे माहेर सांगून दोन्हीकडे लाड करून घेणाऱ्या सुना त्यांनी पाहिलेल्या आहेत.

या माहेराची वागणूक पूर्वी काही फार चांगली नव्हती. वाळूत उमटलेल्या पायांच्या खुणा धरून जायचं, घरटं उकरायचं, अंडी काढायची, काही खायची, उरलेली विकायची, हा उद्योग किनाऱ्यावर उघड चाले. कुत्री आणि कोल्हे होतेच, पण त्यांना भल्या पहाटे माणसांशी स्पर्धा करावी लागे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि मंडळी समुद्री गरुडाची घरटी मोजत किनाऱ्याने फिरत होती. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. मान वर करून गरुड शोधायला आलेल्या माणसांनी खाली बघितलं, म्हणून पुढचं सगळं झालं. त्यांनी गावाला समजावलं. कल्पना करा, पिढ्यान्‌पिढ्या जी वस्तू फुकट मिळत होती ती खाऊ नका, उलट रात्रभर जागून राखा, असं सांगायला बाहेरून कुणी तरी आलं. कोकणात बाहेरून येऊन काही सांगणाऱ्याचं काय होतं, हे ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना ठाऊक आहे. आधी चहा देतात. मग ऐकून घेतात. मग दुसऱ्या गावचा पत्ता सांगतात. वेळासने ऐकलं, एवढंच नव्हे तर अंडी काढण्यात जे तरबेज होते तेच राखणदार झाले. आणि ते बरोबरच झालं. घरटं कुठे असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आता पद्धत अशी. रात्री आणि पहाटे कासवमित्र किनाऱ्याने फेरी मारतात. घरटं सापडलं की अंडी अलगद काढून, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात. वर तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी. पुढे पन्नासेक दिवस वाळू आपलं काम करते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर. घरात मुलींमागून मुली झाल्या की सुनेला बोल लावायची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे. कासविणीने तो दोष सरळ उन्हावर ढकलून ठेवला आहे. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. ती टोपली सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला उचलायची. खाली पिल्लं आलेली असली तर ती किनाऱ्यावर नेऊन पाण्यापासून थोडी अलीकडे वाळूत सोडायची.

या टोपलीभोवती जो प्रसंग घडतो तो बघण्यासाठी तरी माणसाने वेळासला जावं. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून गाड्या आलेल्या असतात. रविवारी सकाळी पावणेसातला शे-दोनशे माणसं सुरूच्या बनातून डोळे चोळत किनाऱ्यावर पोहोचतात. गळ्यात दुर्बिणी, हातात नळकांड्यासारखे कॅमेरे, अंगावर अनेक खिशांची जाकिटं. वाघाला भेटायला निघाल्यासारखी तयारी, आणि भेटायचं असतं तळहातावर मावणाऱ्या, लहान मुलाच्या चपलेएवढ्याही नसलेल्या जिवाला.

"आज किती निघतील?" पहिला प्रश्न.

"टोपली उचलल्याशिवाय कळत नाही," कासवमित्र म्हणतो. हा बावीस-पंचविशीचा पोरगा असतो आणि त्याने या प्रश्नापुढे संतपद गाठलेलं असतं.

"तरी अंदाजे?"

"शून्य ते शंभर."

सगळे श्वास रोखतात. मोबाइल वर जातात. टोपली उचलली जाते. खाली वाळू असते. नुसती, स्वच्छ, रिकामी वाळू. पोरगा टोपली पुन्हा पालथी घालतो.

"म्हणजे?"

"नाही निघाली."

"मग आता कधी?"

"संध्याकाळी सहाला बघू."

"संध्याकाळी नाही निघाली तर?"

"मग उद्या सकाळी सातला."

"अहो, पण आम्हाला दुपारी निघायचंय! उद्या ऑफिस आहे."

यावर तो पोरगा काही बोलत नाही. त्याच्या चेहऱ्यावर एवढंच दिसतं की अंड्यातल्या मंडळींना ऑफिस नसल्यामुळे त्यांना हे समजावणं कठीण आहे. एका गृहस्थांनी त्याला बाजूला घेऊन हळूच सुचवलं होतं, "थोडं उकरून बघितलं तर?" बालगंधर्वला पडदा वर जायला उशीर झाला तर विंगेत जाऊन नटाला ओढून आणण्यातले ते गृहस्थ असावेत.

आणि मग ज्या दिवशी टोपलीखाली खरोखरच वळवळ असते, त्या दिवसाची गोष्ट वेगळी. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे ओली वाळू, आणि त्यावर पंधरा-वीस काळपट पिल्लं. त्यांना हात लावायचा नाही, उचलून पाण्यात सोडायचं नाही. ते चालणं त्यांनी स्वतःच चालायचं. शिवाय उजेड दिसेल तिकडे ती वळतात, म्हणून टॉर्च आणि फ्लॅश बंद. पिल्लू पुढचे दोन वल्ह्यासारखे पाय मारतं, थांबतं, विचार करतं, पुन्हा मारतं. बघ्यांना दम निघत नाही. "चल चल चल!" "अरे, तिकडे नाही, डावीकडे!" ज्या बापाने स्वतःच्या मुलाला दहावीपर्यंत शाळेच्या दारात सोडलं, तो इथे कासवाच्या स्वावलंबनावर डोळे पुसत असतो. एखादं पिल्लू पाण्यापर्यंत पोहोचतं, फेस अंगावर येतो, आणि लाट त्याला उचलून पुन्हा होतं तिथे आणून उलटं टाकते. शंभर कंठांतून एकदम "अर्रर्र!" निघतं. एवढा एकमुखी उद्गार पुणेकरांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी निघालेला मी ऐकलेला नाही.

हजारांतलं एखादंच पिल्लू जगून मोठं होतं असं म्हणतात. ते वयात यायला दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत इथून सोडलेल्यांपैकी ज्या जगल्या-वाचल्या असतील त्या आता लेकुरवाळ्या होऊन परत येत असणार. नाना फडणविसांना जे जमलं नाही ते त्यांनी करून दाखवलं.

बघायला येणारे राहतात गावकऱ्यांच्या घरांत. हॉटेल नाही. ओटी, पडवी, माजघर मोकळं करून सतरंज्या आणि गाद्या टाकलेल्या. एका रांगेत बँकेतले साहेब, त्यांच्या शेजारी कॉलेजातली पोरं, पलीकडे कुणाची तरी आजी. दिवे गेल्यावर सगळ्यांचं घोरणं एकाच दर्जाचं. माजघरात चार्जिंगसाठी एकच प्लग असतो आणि त्यावरून जे राजकारण चालतं ते बारभाईंच्या वेळी झालं नसेल. पहाटे पाचला परसदारी बंब पेटतो. घरच्या काकू नारळाची सोडणं आत सारत असतात, धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान तिरकी, आणि हाताने बादल्यांची रांग लावत असतात: निळी पुण्याच्या ग्रुपची, लाल ठाण्याच्या जोडप्याची, झाकण नसलेली आजींची, कारण आजींना पाणी कोमट लागतं. सातच्या टोपलीच्या आत चाळीस आंघोळी उरकायच्या असतात.

जेवण शाकाहारी. समुद्राच्या इतक्या जवळ येऊन ताटात डाळिंब्यांची उसळ बघितल्यावर काही जणांचा चेहरा पडतो. ते दबक्या आवाजात विचारतात, "मासे कुठे मिळतील हो?" काकू त्यांना बाणकोटची वाट दाखवतात, फार तुटक स्वरात नाही. पण उकडीचा मोदक पानात पडला, त्याचं नाक मोडून आत तुपाची धार सोडली, की हीच मंडळी बाणकोटचं नाव काढत नाहीत. "आणखी एक घ्या," असा आग्रह दुसऱ्या मोदकाला होतो, तिसऱ्याला होतो, चौथ्याला होत नाही. चौथ्याला काकू फक्त बघतात.

"काकू, तुम्ही रोज जाता का कासवं बघायला?" एका मुलीने विचारलं.

"मी? मला कुठला वेळ? गेले होते दोन-तीनदा पहिल्यांदा." मग पोळी उलटताना म्हणाल्या, "शंभर अंडी घालते आणि वळूनसुद्धा बघत नाही. मला मेली तीनच मुलं, तर रोज दोन-दोन फोन करावे लागतात."

गावात बाकी बघायचं म्हणाल तर महालक्ष्मीचं देऊळ आहे, भैरी-रामेश्वर आहे, जांभ्याच्या पाखाड्या आहेत, दोन्ही बाजूंनी गडगे, आणि आत नारळ-सुपारीच्या वाड्या. शहरातली मंडळी वाडीत उभी राहून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "आम्हाला निसर्ग बघायला आवडतो." वेळासने तो ३ जून २०२० रोजी बघितला. निसर्ग याच नावाचं वादळ श्रीवर्धनकडच्या बाजूने आत आलं आणि काही तासांत या सगळ्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. वीज किती तरी दिवस नव्हती. सुपारी लावल्यापासून हाती यायला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा त्या साली जी रोपं लावली ती आत्ता आत्ता कुठे पैसे दाखवू लागली असतील. हे सगळं काकू पाहुण्यांना सांगत नाहीत. पाहुणे विचारतात, "इतकी जागा मोकळी का सोडलीय हो? रिसॉर्ट छान होईल." काकू म्हणतात, "लावलंय तिथे. वाढतंय."

पंचाईत होते ती शिमग्याला. कोकणात शिमगा म्हणजे देव पालखीतून घराघरांत येणार, आणि देव येणार म्हणजे मुंबईचा चाकरमानी येणारच. रजा मिळो न मिळो, नोकरी राहो न राहो. गणपती आणि शिमगा, या दोन वेळी कोकणातलं प्रत्येक घर आपल्या माणसांनी भरतं. नेमक्या त्याच फाल्गुनाच्या सुमारास पिल्लं बाहेर पडायला लागतात. म्हणजे देवळापुढच्या सहाणेवर पालखी नाचत असते, ढोल घुमत असतो, संकासूर पोरांच्या मागे धावत असतो, आणि गर्दीतून एखादी पाहुणी विचारते, "हे रोज असतं का? की पॅकेजमध्ये आहे?" बोरिवलीला वीस वर्षं काढलेला गावचा माणूस पालखीला खांदा देऊन घामाघूम होऊन घरी येतो, तर त्याच्या खोलीत, त्याच्या लहानपणच्या पलंगावर, कोथरूडचं एक कुटुंब पाय पसरून पडलेलं. त्याचं अंथरूण मांगरात. वर त्यालाच सांगायचं, "जरा हळू बोल. पाहुणे झोपलेत."

काकूंचा मोठा मुलगा असाच मुंबईला असतो. फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा फोन आला तेव्हा काकूंच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात बुकिंगची वही. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर.

"आई, शिमग्याला येतोय आम्ही."

"किती जण?"

"किती जण म्हणजे? आम्ही चौघं. आणि ऑफिसातले दोघं यायचं म्हणतायत, त्यांना कासवं बघायचीत."

काकूंनी वहीचं पान उलटलं, बोटाने रकाना खाली खाली नेला.

"शनिवार-रविवार भरलाय. शुक्रवारी ओटीवर सहा गाद्या निघतील. तुम्हा चौघांचं जाऊ दे, पण ऑफिसवाल्यांचा अर्धा अॅडव्हान्स आधी पाठव. आणि त्यांना सांगून ठेव, टोपलीखाली काही निघालं नाही तर पैसे परत मिळत नाहीत."